मूडल, कॅनव्हास की स्टोरीलाइन? आधी धडा कुणाच्या हातात राहणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या ठिकाणचं अनुदानित महाविद्यालय, जोडीला कनिष्ठ महाविद्यालय, मिळून दोनेक हजार विद्यार्थी. बहुतेकांकडे संगणक नाही, फोन आहे. प्राचार्यांनी ई-लर्निंगसाठी समिती नेमली आणि समितीच्या यादीत सात नावं आली: मूडल, कॅनव्हास, गूगल क्लासरूम, ओपन एडएक्स, आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, अडोबी कॅप्टिव्हेट आणि एच५पी. यातलं एक निवडायचंय, कोणतं घ्यावं?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. मूडल घ्या, आणि धडे करायला त्याच्यातच येणारं एच५पी वापरा. अट एकच: सर्व्हरकडे बघणारा एक माणूस नावानिशी नेमलेला हवा. तो मिळत नसेल तर यंदा गूगल क्लासरूमवर भागवा, त्यात कमीपणा काही नाही. उरलेली चार नावं वाईट नाहीत, पण तुमच्या कामाची नाहीत.

मुळात तुमच्या यादीत दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एकत्र आल्या आहेत. मूडल, कॅनव्हास, क्लासरूम, ओपन एडएक्स ही शिक्षण व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरं, म्हणजे एलएमएस. कोण विद्यार्थी, कोणत्या विषयाला, कुणी काय जमा केलं, किती गुण पडले, याचा हिशोब ती ठेवतात. स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट, एच५पी ही धडा बनवायची साधनं. त्यामुळे ‘मूडल की स्टोरीलाइन’ असा प्रश्नच होत नाही. दोन्ही घेता येतात किंवा एकही न घेता चालतं. समित्यांमध्ये मग एक्सेलचा मोठा तक्ता होतो, उभ्या रांगेत चाळीस सुविधा, आडव्या रांगेत सात नावं, आणि जवळपास सगळ्या चौकटींत बरोबरची खूण. चर्चामंच आहे, चाचणी आहे, हजेरी आहे, मोबाइल ॲप आहे. असल्या तक्त्यातून निर्णय निघत नाही, कारण फरक सुविधांमध्ये नसून ती सुविधा रात्री अकरा वाजता बंद पडली तर फोन कुणाला करायचा यात आहे.

मी निवड करताना दुसराच प्रश्न आधी विचारतो. पाच-सात वर्षांनी हे सॉफ्टवेअर सोडावं लागलं तर आपले धडे, आपले प्रश्न, आपले गुण बाहेर काढता येतील का? सोडावं लागणार, हे गृहीत धरूनच चाला. वेबसीटी ही अशीच एक व्यवस्था एके काळी जगभरच्या विद्यापीठांत होती, २००६ मध्ये ब्लॅकबोर्ड या प्रतिस्पर्धी कंपनीनं ती विकत घेतली. २०२१ मध्ये ब्लॅकबोर्ड अँथॉलॉजी या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. एमआयटी आणि हार्वर्डनं २०१२ मध्ये उभी केलेली एडएक्स ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची संस्था २०२१ मध्ये टूयू या कंपनीनं ८० कोटी डॉलरला घेतली आणि २०२४ मध्ये ही टूयूच दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. कॅनव्हासची मालक इन्स्ट्रक्चर, तीही २०२४ मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीकडे गेली. ही सॉफ्टवेअरं बंद पडली असं मी म्हणत नाही, ती चालू आहेत. पण मालक बदलला की दर बदलतात, फुकटच्या योजना बदलतात, आणि तालुक्याच्या महाविद्यालयाला कुणी विचारत नाही.

धडा बनवायच्या साधनांच्या बाबतीत याहून मोठा दणका आपण सगळ्यांनीच पाहिला. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅश या ॲनिमेशन दाखवणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरचा आधार थांबवला. त्याआधीच्या पंधरा वर्षांत बनलेली ॲनिमेशनं, प्रयोगशाळेची दृश्यं, शब्दकोडी एका फटक्यात मुकी झाली. ज्यांच्याकडे मूळ फाईल होती त्यांनी ती नव्या रूपात पुन्हा काढली. ज्यांच्याकडे ठेकेदारानं दिलेली फक्त तयार सीडी होती त्यांच्याकडे सीडीच उरली. म्हणून बाहेरून धडे करून घेणार असाल तर करारात एक ओळ हवीच: संपादन करता येईल अशी मूळ फाईल, फाँट आणि आवाजाच्या फाईलींसह, आमच्या ताब्यात. ही ओळ नसेल तर एक शुद्धलेखनाची चूक सुधारायलाही पुन्हा पैसे मोजावे लागतील.

इथं स्कॉर्मचं बोललं पाहिजे, कारण प्रत्येक विक्रेता ‘आमचं सगळं स्कॉर्ममध्ये आहे’ असं छातीठोकपणे सांगतो. स्कॉर्म हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून आलेला, धडा कसा बांधायचा याचा ठरलेला साचा आहे. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ ची, आणि अजूनही सगळ्यात जास्त तीच चालते. धडा एका झिप फाईलमध्ये बांधायचा, ती कोणत्याही व्यवस्थेत चढवायची, मग धडा व्यवस्थेला सांगतो की विद्यार्थ्यानं उघडला, पूर्ण केला, इतके गुण मिळवले. चांगली सोय आहे. पण ती जुन्या काळच्या गरजेची आहे. विद्यार्थी धड्यात कुठं थांबला ही नोंद ठेवायला १.२ मध्ये फक्त ४०९६ अक्षरांची जागा आहे. लांबलचक धडा एकाच फाईलमध्ये कोंबला की ती जागा संपते, आणि मग ‘सर, काल अर्धा केला होता, आज परत पहिल्यापासून आलं’ ही तक्रार सुरू होते. उपाय सोपा आहे, धडे तोडून छोटे करा. दुसरं, स्कॉर्म २००४ ही पुढची आवृत्ती कुणी देऊ केली तर घेऊ नका, कारण मूडलमध्ये मुळात १.२ चालते, २००४ चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्कॉर्मची झिप म्हणजे शिवून झालेला सदरा. तो घालता येतो, उसवून पुन्हा बेतता येत नाही. त्यानंतर आलेलं एक्सएपीआय जास्त बारीक नोंदी ठेवतं, पण त्याला वेगळं नोंदभांडार लागतं. तुम्हाला त्याची गरज नाही, कुणी विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा.

आता मूडल. मार्टिन दूगियामास या ऑस्ट्रेलियन माणसानं ते पर्थमध्ये सुरू केलं, २००२ मध्ये पहिली आवृत्ती आली. मुक्त परवान्याचं (ओपन सोर्स) आहे, परवान्याला पैसे नाहीत. दिसायला सुंदर कधीच नव्हतं, ४.० पासून, म्हणजे २०२२ पासून, बरंच सुधारलं. मी त्याच्या बाजूनं आहे ते दिसण्यासाठी नाही, प्रश्नसंचासाठी. एका विषयाचे हजार प्रश्न प्रकरणांनुसार लावून ठेवायचे, त्यातून प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे वीस प्रश्न काढायचे, चुकीच्या उत्तरावर ‘हे का चुकलं’ असा शेरा दाखवायचा, आणि परीक्षेनंतर कोणता प्रश्न सगळ्यांनाच चुकला हे बघायचं. हे काम मूडलइतकं निगुतीनं करणारी फुकटची व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. प्रश्न साध्या मजकुराच्या फाईलमधून आत घेता येतात आणि एक्सएमएल प्रकारच्या फाईलमध्ये बाहेर काढता येतात. अख्खा विषय एमबीझेड नावाच्या एका फाईलमध्ये बांधून दुसऱ्या मूडलवर उघडता येतो. बाहेर पडायचा रस्ता म्हणतात तो हाच.

फोनवाल्या विद्यार्थ्यांसाठी मूडलचं ॲप आहे. धडे उतरवून ठेवून नेटवर्क नसताना वाचता येतात, शिक्षकानं परवानगी दिली तर चाचणीही जोडणी नसताना सोडवता येते. वेळेची मर्यादा लावलेली चाचणी मात्र नाही. वाडीवस्तीवरून येणाऱ्या मुलांसाठी ही एक गोष्ट बाकी दहा सुविधांवर भारी आहे.

दुखणी कुठं येतात तेही ऐका. सर्व्हरवर ‘क्रॉन’ नावाचं एक काम दर मिनिटाला चालावं लागतं. ते थांबलं की ईमेल जात नाहीत, विषय ‘पूर्ण’ झाल्याच्या नोंदी अडकतात, आणि शिक्षक म्हणतात मूडल बिघडलं. मूडल ठीक असतं, क्रॉन झोपलेलं असतं. दुसरं दुखणं परीक्षेच्या दिवसाचं. जुना ठोकताळा असा की एक जीबी मेमरीवर एका वेळी दहा ते वीस जण. वर्षभर शंभर जणही एकत्र येत नाहीत, आणि घटक चाचणीला बरोबर दहा वाजता आठशे जण ‘सुरू करा’ दाबतात. यावर मोठा सर्व्हर हा एक उपाय, पण स्वस्तातला उपाय वेळापत्रकात आहे: वर्गवार अर्ध्या-अर्ध्या तासानं सुरुवात द्या, पानावर एकच प्रश्न ठेवण्याऐवजी पाच ठेवा म्हणजे सर्व्हरकडच्या फेऱ्या घटतील. आणि व्हिडिओ मूडलवर चढवू नका. यूट्यूबवर असूचीबद्ध, म्हणजे दुवा असेल त्यालाच दिसतील असे ठेवा, इथं फक्त दुवा द्या. नाहीतर सहा महिन्यांत डिस्क भरते आणि रोजची बॅकअप घेणं अशक्य होतं.

दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. प्रत्येकीच्या मागे धावायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली ४.५ ही दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती आहे; अशाच आवृत्तीवर राहायचं आणि पुढची तशी आली की सुट्टीत उडी मारायची. प्लगिन, म्हणजे वरून जोडायच्या जादा सुविधा, कमीत कमी लावायचे. मुक्त सॉफ्टवेअरच्या उत्साहात कुणीतरी वीसेक प्लगिन लावतो, मग त्यातल्या तिघांचे लेखक काम सोडून देतात आणि संपूर्ण व्यवस्था त्या तीन प्लगिनपायी जुन्या आवृत्तीवर अडकून पडते.

मराठी मजकुराचं काय होतं, हे कोणत्याही तुलनेत लिहिलेलं नसतं, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो.

पहिला अडसर तुमच्या प्राध्यापकांच्या पेनड्राइव्हमध्येच आहे. वर्षानुवर्षांच्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. त्या वर्डमध्ये मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरं असतात. मूडलमध्ये, क्लासरूममध्ये, कुठंही चिकटवल्या की अगम्य अक्षरांची रांग उमटते. परिवर्तक मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात. त्यामुळे रूपांतरानंतर माणसानं वाचणं हे काम वेळापत्रकात धराच. बहुतेक ठिकाणी पहिल्या सत्राचा निम्मा वेळ यातच जातो.

दुसरं, ‘एका शब्दात उत्तर द्या’ प्रकारचे प्रश्न. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र वेगळे. एका विद्यार्थ्याला पूर्ण गुण आणि शेजारच्याला शून्य. कीबोर्ड प्रत्येक फोनवर निराळा, त्यामुळे हे टळत नाही. मराठीत शब्द टंकायला लावणारे प्रश्न गुणांसाठी ठेवूच नका. बहुपर्यायी, जोड्या लावा, रिकाम्या जागी ओढून सोडा, हे प्रकार वापरा. संख्यात्मक उत्तरातही तीच गत: विद्यार्थ्यानं देवनागरी आकडे टंकले तर व्यवस्था ते संख्या म्हणून ओळखत नाही. सूचनेत ‘आकडे इंग्रजीत लिहा’ असं ठळक लिहा.

तिसरं, प्रश्न आत घेताना. मूडलचा एकेन नावाचा सोपा साचा आहे, शिक्षकांना तोच आवडतो. प्रश्न, खाली पर्याय, खाली उत्तर. पण पर्यायांची अक्षरं आणि ‘आन्सर’ हा शब्द रोमनमध्येच लागतो. आपल्याकडचे शिक्षक सवयीनं अ, ब, क, ड लिहितात आणि फाईल आत जात नाही. मजकूर मराठी, अक्षरं इंग्रजी, फाईल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं शाबूत ठेवणाऱ्या पद्धतीत) जतन. एवढं एका पानावर छापून विभागात लावलं तर निम्म्या तक्रारी संपतात.

चौथं प्रमाणपत्राचं. मूडल पीडीएफ बनवायला टीसीपीडीएफ नावाचं जे आतलं साधन वापरतं त्याला देवनागरीची जुळणी जमत नाही. वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे जाते, जोडाक्षरं सुटी पडतात. ‘शिक्षण’ असं लिहिलेलं प्रमाणपत्रावर विद्रूप होऊन उतरतं आणि ते नेमकं पाहुण्यांच्या हस्ते वाटलं जातं. वाट अशी: ठरलेला मराठी मजकूर चित्र म्हणून पार्श्वभूमीत बसवा, विद्यार्थ्याचं नाव तेवढं रोमनमध्ये येऊ द्या. मोहक नाही, पण चालतं.

धडे बनवण्याकडे वळू. एच५पी नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहरातून २०१३ च्या सुमारास आलं, मुक्त आहे, ब्राउझरमध्येच चालतं आणि २०२० पासून मूडलच्या गाभ्यात आहे. त्यात पन्नासच्या आसपास प्रकार आहेत, त्यातले चार-पाच शिकले तरी पुरे. सगळ्यात उपयोगी म्हणजे संवादी व्हिडिओ: यूट्यूबवरचा आपलाच व्हिडिओ घ्यायचा, तिसऱ्या मिनिटाला थांबवून प्रश्न विचारायचा, चुकला तर मागे न्यायचा. वनस्पतिशास्त्रात आकृतीवर नावं ओढून ठेवणं, वाणिज्यात खतावणीच्या नोंदी योग्य बाजूला टाकणं, इतिहासात कालरेषा, हे एखाद्या प्राध्यापिका दुपारच्या मोकळ्या तासात करू शकतात. आणि मूळ फाईल वेगळी ठेवायची भानगड नाही. जी दाखवता तीच संपादित करता येते, तीच उतरवून दुसरीकडे नेता येते. माझा कल इकडे आहे तो यासाठी.

एच५पी परीक्षेसाठी मात्र वापरू नका. उत्तर तपासणं विद्यार्थ्याच्याच ब्राउझरमध्ये होतं, म्हणजे योग्य उत्तर पानाच्या आत दडलेलं असतं आणि थोडा चतुर विद्यार्थी ते काढतो. सरावाला एच५पी, गुणांना मूडलची चाचणी.

स्टोरीलाइन हे ताकदीचं साधन आहे, यात वाद नाही. पुण्या-मुंबईतल्या ई-लर्निंग कंपन्यांचं बरंचसं काम त्यावर चालतं आणि तिथं ते शोभतं, कारण तिथं लेखक वेगळा, चित्रकार वेगळा, आवाज देणारा वेगळा असतो. पण ते विंडोजवरच चालतं, वर्गणी एका माणसामागे वर्षाला हजार डॉलरच्या वर जाते आणि वर्गणी थांबली की मूळ फाईल असूनही हात बांधले जातात. महाविद्यालयात काय होतं, तर एकाच तरुण सहायक प्राध्यापकाला ते येतं, तो नेट-सेट होऊन दुसरीकडे रुजू होतो आणि मागे राहिलेल्या फाईली कुणी उघडत नाही. कॅप्टिव्हेटचंही तसंच, सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे पडदा टिपून शिकवायचं असेल तर ते उत्तम, तुमच्या मराठी आणि अर्थशास्त्राच्या विभागांना ते काय करायचंय? पॉवरपॉइंटवर चढणारं आयस्प्रिंग तुमच्या यादीत नाही, पण ज्यांच्याकडे चांगल्या स्लाइड तयार आहेत त्यांना या तिघांत तेच लवकर जमतं. तेही पैशाचंच. फुकटात पुस्तकासारखे धडे बांधायचे असतील तर ई-एक्स-ई लर्निंग बघा, जोडणी नसलेल्या संगणकावरही चालतं.

कॅनव्हासबद्दल थोडक्यात. वापरायला मूडलपेक्षा सरळ आहे, अमेरिकेत गाजलेलं आहे, २०११ पासून त्याचा कोड मुक्तही आहे. पण स्वतःच्या सर्व्हरवर ते बसवणं आणि टिकवणं मूडलपेक्षा खूप अवघड, आणि कंपनीकडून घ्यायचं तर तुमच्या अंदाजपत्रकात बसणार नाही. ओपन एडएक्स हे एका विषयाला हजारो अनोळखी विद्यार्थी अशा कामासाठी बनलेलं आहे. आयआयटी मुंबईचं आयआयटीबॉम्बेएक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ त्यावरच उभं राहिलं. साठ मुलांच्या वर्गाला ते सात मजली वसतिगृह कशाला?

गूगल क्लासरूमला मी हसत नाही. २०१४ मध्ये आलं, आणि कोविडच्या काळात निम्मा महाराष्ट्र त्यावर शिकला. गृहपाठ देणं, गोळा करणं, शेरा लिहून परत करणं हे काम मूडलपेक्षा ते चांगलं करतं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये जीमेल आधीच असतं. मोठ्या प्रश्नसंचातून प्रत्येकाला वेगळे प्रश्न काढून द्यायची सोय त्यात नाही, स्कॉर्म चालत नाही, आणि सगळं एका प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर ते निवृत्त झाल्या दिवशी वर्ग अनाथ होतो. म्हणून संस्थेच्या नावाचं डोमेन घेऊन शिक्षणसंस्थांची मोफत योजना घ्या, खाती संस्थेची ठेवा.

खात्यांवरून एक गोष्ट. तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं अठराच्या आतली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. प्रवेश अर्जातच ती घ्यायची सोय करा. आणि आधार क्रमांक, जात, मोबाइल असलेली एक्सेल फाईल ‘खाती उघडून द्या’ म्हणून कुठल्याही विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. नाव, हजेरी क्रमांक आणि ईमेल यांवर मूडलची खाती उघडतात.

दीक्षा आणि स्वयम् ही सरकारी ई-शिक्षणाची व्यासपीठं यादीत का नाहीत, असंही कुणीतरी समितीत विचारेल. दीक्षा शालेय आहे, बालभारतीच्या पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमागे तीच आहे. स्वयम् वरचे अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना जरूर घ्यायला लावा, पण तुमच्या घटक चाचण्या तिथं होणार नाहीत.

खर्चाचा अंदाज मांडताना सर्व्हरचं भाडं हा आकडा लहान आहे. मोठा खर्च शिक्षकांच्या तासांचा, आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. नॅकच्या (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या) फाईलसाठी एलएमएस उभारणाऱ्या संस्थांत पन्नास मिनिटांचं व्याख्यान मोबाइलवर चित्रित करून चढवतात आणि त्याला ई-कंटेंट म्हणतात. ते कुणी पाहत नाही, आकडेवारी उघडून बघा. त्यापेक्षा जिथं नापास जास्त तो एक विषय घ्या, त्याचे तीनशे चांगले प्रश्न शेऱ्यांसकट तयार करा, दहा छोटे संवादी व्हिडिओ करा. ज्या दोघा-तिघांनी हे केलं त्यांचा कार्यभार त्या सत्रापुरता कमी करा. बाकीचे विभाग पुढच्या वर्षी.

आणि मूडल बसवून देणारा ठेकेदार आला की त्याला सादरीकरण दाखवू देऊ नका. त्याच्या सर्व्हरवरचा एखादा खरा विषय एमबीझेड फाईलमध्ये उतरवून, तुमच्याच प्रयोगशाळेतल्या संगणकावरच्या कोऱ्या मूडलमध्ये तुमच्यासमोर उघडायला सांगा. प्रश्न, चित्रं, मराठी अक्षरं, गुण, सगळं जसंच्या तसं आलं तर दराचं बोलणं सुरू करा.